परमिट

बापूंनी एकतीस वर्षं सेलूच्या सबस्टेशनवर वायरमनकी केली.
खांबावर चढायच्या आधी त्यांना एक चिठ्ठी लागायची,
परमिट.
लाइन कुणी बंद केली, किती वाजता, कुणासाठी,
आणि खाली सही.
सही नसली तर साहेब ओरडो, गाव ओरडो,
पायरीवर पाय ठेवत नसत.
काम झालं की ती चिठ्ठी स्वतःच्या हातानं परत करायचे,
मगच खटका वर.
तोवर खटक्याला पत्र्याची पाटी लटकायची, लाल अक्षरांत:
लाइनवर माणूस आहे.

परभणीच्या आयसीयूत त्यांचा अकरावा दिवस.
डॉक्टर तोष्णीवाल खुर्ची ओढून समोर बसले,
मोबाइल पालथा ठेवला.
मेंदूत रक्त फार पसरलंय, म्हणाले.
श्वास मशीन घेतंय. ते नाही.
दुसऱ्या डॉक्टरांनीही बघितलंय, कागद तयार आहेत.
नळी काढा असं मी म्हणणार नाही, ठेवा असंही नाही.
काढली तर त्रास होऊ देणार नाही, एवढा शब्द देतो.

दादाचा चाकणहून फोन: सगळं कर, पैशाचं बघू.
अकरा दिवसांत ते 'बघू' चार लाखांवर गेलं.
हेही लिहून ठेवते, बिल मी मोजलं.
रात्री बाकड्यावर, औषधांच्या पावत्यांच्या पाठीवर,
आणि मोजता मोजता
स्वतःचीच भीती वाटून पेन बंद केलं.

चंदाआत्या पदर तोंडाला लावून म्हणाली,
पोटच्या लेकीनं करावी का माय अशी सही?
आईनं एवढंच विचारलं,
यांना भूक लागत असंल का गं?

बापू कधी काही बोलले होते का, आठवत बसले.
एकदाच.
केरबामामाला बघायला नांदेडला गेलो होतो,
तेही असेच, नळ्या, वायरी, उशाशी लुकलुकणारी बटणं.
बापू बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले,
"एवढं कामून जोडलंय?"
बस.
हे वाक्य मी दहा वेळा उलटंपालटं करून पाहिलं.
ती इच्छा होती,
की नुसती वायरमनची नजर,
एका बोर्डावर फार लोड बघून वैतागलेली?
कुठल्याच कोर्टात टिकायचं नाही असलं वाक्य.
माझ्याकडे दुसरं नाही.

आत गेले. टेस्टर लावावा तसा
त्यांच्या तळव्याला अंगठा लावला,
जुन्या भाजल्याच्या डागावर.
काहीच लागलं नाही.
पण हात गरम होता.
गरम हात म्हणजे हो की नाही,
हे सांगणारं त्या मजल्यावर कुणी नव्हतं.

अंगणवाडीत मी रोज सही करते,
तांदूळ किती किलो, लेकरं किती.
त्याच हातानं केली.
कागदावर नाव होतं, नातं होतं, तारीख होती.
'कुणासाठी' असा रकाना नव्हता.
मी समासात वेळ लिहिली, चार वाजून दहा.
सिस्टर म्हणाली, ताई, याची गरज नाही.
म्हटलं, आमच्यात लागते.

चाळीस मिनिटं लागली.
आईनं ओठांना ओला कापूस लावला
आणि त्यांच्याशी ज्वारीच्या भावाबद्दल बोलत राहिली.

आता आठ महिने झाले.
झेरॉक्स माझ्या पेटीत आहे.
बरोबर केलं असं कुणी म्हटलं तर मी विषय बदलते,
चुकलं म्हटलं तरी.
ती चिठ्ठी घेऊन वर गेलेला माणूस
परत द्यायला आलेला नाही.

काल संध्याकाळी सेलूची लाइट गेली.
शेजारचा पोरगा बोर्डाला शिव्या देत फोन लावायला लागला.
आई अंधारातच शेंगा फोडत बसली होती.
म्हणाली, दम धर की रे,
चढलं असंल कुणीतरी.